सर, लेडी, रावबहादूर, सी.आय.ई.: ब्रिटिश किताब वाचायचे कसे आणि लिहायचे कसे

'सर रतन टाटा' असं लिहिलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर २०२४ मध्ये गेलेले रतन टाटा येतात. खरे सर रतन टाटा वेगळे. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा (१८७१–१९१८) यांना १९१६ मध्ये नाइटहुड मिळालं आणि ते 'सर' झाले. सर रतन टाटा ट्रस्ट त्यांच्या नावाचा आहे. आपल्या काळातले रतन नवल टाटा यांना ब्रिटनने २००९ मध्ये केबीई हा किताब आणि २०१४ मध्ये त्याहून वरचा जीबीई दिला, पण दोन्ही मानद. मानद किताबाबरोबर 'सर' येत नाही. जमशेटजींना तर नाइटहुड मिळालंच नव्हतं, तरी त्यांच्या नावामागे 'सर' लावलेलं वाचायला मिळतं.

नाशिक जिल्ह्यात संस्थांच्या स्मरणिका निघतात, जुन्या वाड्यांमधली दफ्तरं लावली जातात, परदेशात नाव काढलेल्या मुलामुलींचे सत्कार होतात. या तिन्ही ठिकाणी ब्रिटिश किताब समोर येतात आणि त्याच त्या चुका होतात. किताब म्हणजे नुसती शोभा नव्हे. तो कोणी दिला, कोणत्या दर्जाचा दिला आणि कधी दिला हे त्या चार अक्षरांत नोंदलेलं असतं. ती अक्षरं नीट वाचली तर फोटोची, पत्राची, कोनशिलेची तारीख लागते. चुकीची लिहिली तर पुढचा अभ्यासक फसतो.

आधी नाव सोडवून घ्या

जुनं नाव समोर आलं की नावाआधी काय आहे, मूळ नाव काय आणि नावानंतर कोणती अक्षरं आहेत हे वेगवेगळं लिहून काढा. नावाआधीची पदवी आणि नावानंतरची अक्षरं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अक्षरं असली म्हणजे 'सर' असतंच असं नाही, आणि 'सर' असला तरी अक्षरं असतीलच असंही नाही.

आपल्याकडच्या कागदांत प्रामुख्याने तीन ऑर्डर, म्हणजे वरखाली दर्जे असलेले सन्मानवर्ग, भेटतात. 'ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया' १८६१ ची. तिचे दर्जे वरून खाली जी.सी.एस.आय., के.सी.एस.आय., सी.एस.आय. 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर' १८७८ ची: जी.सी.आय.ई., के.सी.आय.ई., सी.आय.ई. हिच्यात सुरुवातीला फक्त सी.आय.ई. हा एकच दर्जा होता, वरचे दोन नंतर १८८० च्या दशकात आले. तेव्हा १८७९ च्या म्हणून दाखवलेल्या कागदावर के.सी.आय.ई. दिसलं, तर तारीख तरी चुकली आहे किंवा अक्षरं तरी. तिसरी 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर', जून १९१७ मध्ये पाचव्या जॉर्जने काढलेली. हिचे पाच दर्जे: जी.बी.ई., के.बी.ई. (स्त्रियांना डी.बी.ई.), सी.बी.ई., ओ.बी.ई., एम.बी.ई. पहिल्या दोन ऑर्डरमधल्या शेवटच्या नेमणुका १९४८ च्या नववर्षाच्या यादीत झाल्या. तिसरी आजही चालू आहे आणि ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त किताब तिच्यातलेच दिले जातात.

'सर' कोणाला लागतं हे अक्षरांवरून ओळखायची खूण सोपी आहे. ऑर्डरच्या अक्षरांची सुरुवात 'के' किंवा 'जी'ने झाली तर ती व्यक्ती नाइट, म्हणजे 'सर'. सुरुवात 'सी', 'ओ' किंवा 'एम'ने झाली तर 'सर' नाही. ही खूण फक्त ऑर्डरच्या अक्षरांना लागू होते हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. 'के.सी.' हे एकटंच आलं तर ते वकिलाचं पद आहे, किंग्ज काउन्सेल. 'के.पी.एम.' हे पोलीस पदक. 'जी.सी.' म्हणजे जॉर्ज क्रॉस, शौर्यपदक. यातल्या कशानेही माणूस 'सर' होत नाही. 'आय.सी.एस.' हा तर किताबच नव्हे, ते नोकरीचं नाव. १९०९ मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये मारला गेलेला कलेक्टर जॅक्सन आय.सी.एस. होता. त्याला 'सर जॅक्सन' म्हणायला काहीच आधार नाही.

उलट बाजूने, नावानंतर एकही अक्षर नसताना 'सर' असेल तर ती व्यक्ती बहुधा नाइट बॅचलर. हा नाइटहुडचा सर्वांत जुना प्रकार. तो कोणत्याच ऑर्डरमध्ये बसत नाही, म्हणून त्याला नेहमी लिहायची अक्षरंही नाहीत. सर नारायण चंदावरकर (१९१०), सर दोराबजी टाटा (१९१०), सर चिंतामणराव देशमुख (१९४४) हे असे नाइट. देशमुखांना त्याआधी सी.आय.ई. मिळालेलं होतं, म्हणून त्यांच्या नावापुढे अक्षरं दिसतात. ती अक्षरं त्यांच्या 'सर'ची नाहीत, ती आधीच्या किताबाची.

वंशपरंपरागत 'सर' म्हणजे बॅरोनेट. बाकी सगळे 'सर' त्या व्यक्तीबरोबर संपतात, बॅरोनेटचा 'सर' मात्र पुढच्या वारसाकडे जातो. आपल्याकडचं ठळक उदाहरण सर जमशेटजी जीजीभॉय. त्यांना १८४२ मध्ये नाइटहुड आणि १८५७ मध्ये बॅरोनेटचा किताब मिळाला, आणि हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे कायदाच असा झाला की त्या गादीवर येणाऱ्या प्रत्येकाने आपलं मूळ नाव सोडून 'जमशेटजी जीजीभॉय' हेच नाव घ्यायचं. म्हणून १८५९ नंतरच्या कागदावर 'सर जमशेटजी जीजीभॉय' दिसले की ते पहिले नव्हेत हे समजा, आणि कितवे आहेत ते तारखेवरून ठरवा.

'सर'पुढे पहिलं नाव, 'लेडी'पुढे आडनाव

सर्वांत जास्त चूक इथे होते. नाइटचा 'सर' व्यक्तीच्या पहिल्या नावाला लागतो. सर रामकृष्ण, सर रामकृष्ण भांडारकर किंवा सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर, हे तिन्ही बरोबर. 'सर भांडारकर' चूक. शाळेत आपण 'जोशी सर', 'पाटील सर' म्हणतो, त्या सवयीने आडनाव पुढे येतं. शिक्षकाचा 'सर' नावानंतर येतो, नाइटचा आधी. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाच्या नावात ही रचना अगदी बरोबर आहे. जमखंडीचे परशुरामभाऊ पटवर्धन के.सी.आय.ई. होते. 'सर'ला त्यांचं पहिलं नाव जोडलं आहे आणि आडनाव गाळलं तरी चालतं.

नाइटच्या पत्नीला 'लेडी' लागतं, पण ते आडनावाला. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई या 'लेडी टाटा'. 'लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट' हे १९३२ च्या ट्रस्टचं नाव नियमाला धरून आहे. ब्रिटिश रिवाजात 'लेडी' आणि लगेच पहिलं नाव, हा मान ड्यूक, मार्क्विस आणि अर्ल यांच्या मुलींचा. एकाच घरात दोन 'लेडी टाटा' झाल्यावर ओळख पटावी म्हणून पतीचं नाव घालून 'लेडी रतन टाटा' असं लिहिलं गेलं. मराठीत मात्र 'लेडी रमाबाई', 'लेडी प्रेमलीला' (ठाकरसी) अशी रूपं रुळली आणि सभागृहांना, संस्थांनाही ती मिळाली. संस्थेचं अधिकृत नाव जसं आहे तसंच ठेवा, ते दुरुस्त करायला जाऊ नका. आपल्या लेखात व्यक्तीबद्दल लिहिताना 'लेडी ठाकरसी' लिहावं आणि पहिल्याच उल्लेखात पूर्ण नाव द्यावं.

स्त्रीला स्वतःला नाइटच्या तोडीचा किताब मिळाला तर ती 'डेम', आणि 'डेम'पुढे 'सर'सारखंच पहिलं नाव. तिच्या पतीला त्यामुळे कोणतीही पदवी मिळत नाही. हे अन्यायाचं आहे असं आम्हाला वाटतं, पण नियम आजही तसाच आहे.

'लॉर्ड' वेगळं. तिथे जे नाव येतं ते बहुतेक वेळा आडनाव नसून किताबाचं नाव असतं. मुंबईचे गव्हर्नर आणि पुढे व्हाइसरॉय झालेले लॉर्ड विलिंग्डन यांचं आडनाव फ्रीमन-थॉमस. नाशिकच्या इतिहासाला याहून जवळचं उदाहरण सर जॉर्ज क्लार्क यांचं. जॅक्सनच्या वधाच्या वेळी मुंबईचे गव्हर्नर तेच होते, १९०९ च्या सरकारी कागदांत ते 'सर जॉर्ज क्लार्क' आहेत. १९१३ मध्ये ते 'लॉर्ड सिडनहॅम' झाले आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजला तेच नाव मिळालं. दोन माणसं समजून दोन वेगवेगळ्या नोंदी केल्या जातात, आहेत मात्र एकच. अनंत कान्हेरे खटल्यावर लिहिताना '१९०९ चे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम' असं लिहू नका. 'गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क (पुढे लॉर्ड सिडनहॅम)' असं लिहा.

जिल्ह्यातली नावं घेऊन सराव

निफाडला १८४२ मध्ये जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना १८८७ मध्ये सी.आय.ई. मिळालं. वरची खूण लावा: सुरुवात 'सी'ने, म्हणून 'सर' नाही. त्यांचं नाव 'न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, सी.आय.ई.' असं लिहायचं. 'सर रानडे' दोनदा चूक होतं, एकदा दर्जात आणि एकदा रचनेत. गोखल्यांचंही तसंच. गोपाळ कृष्ण गोखले यांना १९०४ मध्ये सी.आय.ई. मिळालं, पुढे १९१४ मध्ये के.सी.आय.ई. देऊ केलं तेव्हा त्यांनी ते नाकारलं. म्हणजे ते 'सर' होऊ शकले असते, झाले नाहीत. त्यांच्या चरित्रात या नकाराला जागा मिळाली पाहिजे आणि नावामागे 'सर' येता कामा नये.

मालेगाव तालुक्यातल्या कवळाणा गावी १८६३ मध्ये जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर बसले. १८८७ मध्ये जी.सी.एस.आय. आणि १९१९ मध्ये जी.सी.आय.ई. झाले. राजेरजवाड्यांच्या नावात आधी 'हिज हायनेस', मग 'महाराजा', मग 'सर', मग नाव आणि शेवटी अक्षरं असा क्रम असतो. बडोद्याच्या गादीला याशिवाय 'फर्जंद-ए-खास-ए-दौलत-ए-इंग्लिशिया' अशी खास पदवी होती. ती दिसली की पुष्कळजण ते कोणाचं तरी नाव समजून वेगळी व्यक्ती नोंदवतात. ती पदवी आहे.

अक्षरांचा क्रम मिळाल्याच्या तारखेने लावायचा नसतो, तो ऑर्डरच्या मानाने लावायचा असतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना जी.सी.एस.आय. १८९५ मध्ये, जी.सी.व्ही.ओ. १९०३ मध्ये आणि जी.सी.आय.ई. १९११ मध्ये मिळालं. लिहिताना मात्र जी.सी.एस.आय., जी.सी.आय.ई., जी.सी.व्ही.ओ. असं येतं, कारण रॉयल व्हिक्टोरियन ऑर्डरचा मान इंडियन एम्पायरच्या खालचा. एकाच ऑर्डरमध्ये बढती झाली तर खालची अक्षरं गळतात. भांडारकर १८८९ मध्ये सी.आय.ई. होते, १९११ मध्ये के.सी.आय.ई. झाले. त्यानंतर फक्त के.सी.आय.ई. लिहायचं. दोन वेगळ्या ऑर्डर असतील तर दोन्ही राहतात.

तारीख न लागलेल्या फोटोसाठी हा नियम फार उपयोगी पडतो. फोटोखाली 'रामकृष्ण गोपाळ भांडारकर, सी.आय.ई.' छापलं असेल, तर ती ओळ १८८९ ते १९११ च्या दरम्यानची. विश्वेश्वरय्यांनी मुंबई इलाख्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नोकरी सुरू केली ती १८८४ मध्ये, नाशिकला. ते सी.आय.ई. झाले १९११ मध्ये आणि के.सी.आय.ई. १९१५ मध्ये. त्यांच्या नाशिकच्या दिवसांबद्दल लिहिताना 'सर विश्वेश्वरय्या नाशिकला आले' हे खटकतं, कारण तेव्हा ते 'सर' नव्हते. 'एम. विश्वेश्वरय्या (पुढे सर)' एवढं पुरे.

नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या बॅरिस्टर कॉर्नेलिया सोराबजी यांना १९०९ मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळालं. हे पदक १९०० पासून लोकसेवेसाठी दिलं जाई. त्याने नावाआधी काही लागत नाही. त्यांना 'डेम' किंवा 'लेडी' म्हणणं चूक. गांधीजींनाही १९१५ मध्ये हेच सुवर्णपदक मिळालं होतं आणि १९२० मध्ये त्यांनी ते परत केलं.

शौर्यपदकांत व्हिक्टोरिया क्रॉस सर्वांत वरचं. संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव यांना ते १९४५ मधल्या इटलीतल्या लढाईसाठी मिळालं. ते नावानंतर 'व्ही.सी.' असं येतं. ऑर्डरची कितीही मोठी अक्षरं असली तरी ती त्याच्यानंतर. 'सर' मात्र नाही.

रावसाहेब, रावबहादूर आणि घरातली सनद

जिल्ह्यातल्या जुन्या घरांत खरं तर के.सी.आय.ई.पेक्षा हेच जास्त सापडतं. रावसाहेब, त्यावर रावबहादूर, त्यावर दिवाणबहादूर. मुसलमान आणि पारशी मंडळींना खानसाहेब, खानबहादूर. उत्तरेत रायसाहेब, रायबहादूर. हे किताब राजाकडून नव्हे, व्हाइसरॉयकडून मिळत. त्यामुळे लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात शोधत बसू नका, हिंदुस्थान सरकारचं गॅझेट पाहा.

अडचण अशी की 'रावसाहेब' हे आपल्याकडे प्रेमाचं आणि मानाचं संबोधनही आहे, आणि कितीतरी जणांचं पाळण्यातलं नावही. कोनशिलेवर 'रावसाहेब' दिसलं म्हणून लगेच किताब समजू नका. मूळ नाव त्याच्याबरोबर पूर्ण आहे का ते बघा: 'रावसाहेब अमुक तमुक आडनाव' असेल तर किताबाची शक्यता, 'रावसाहेब' आणि लगेच वडिलांचं नाव असेल तर ते बहुधा नावच. 'रावबहादूर'च्या बाबतीत हा संशय फारसा राहत नाही.

किताब असेल तर घरात सनद असण्याची शक्यता मोठी. ती इंग्रजीत असते. व्हाइसरॉयच्या तोंडची एकच ओळ, की मी तुम्हाला अमुक किताब वैयक्तिक सन्मान म्हणून देत आहे. खाली सही, ठिकाण, तारीख. 'वैयक्तिक' हा त्यातला महत्त्वाचा भाग. मुलाला तो किताब मिळत नाही. 'रावबहादूरांच्या घराण्यातले' म्हणणं ठीक, पण नातवाच्या नावामागे 'रावबहादूर' लावणं चूक. १९११ च्या दिल्ली दरबारापासून या किताबांबरोबर गळ्यात घालायचं किंवा छातीवर लावायचं पदकही मिळू लागलं, त्यावर किताबाचं नाव कोरलेलं असतं. ते घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. सनदेचा फोटो दिवसाच्या उजेडात, काच काढून, सही आणि तारीख स्पष्ट येईल असा घ्या आणि सनद लॅमिनेट मात्र अजिबात करू नका. लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही आणि कागद आतून पिवळा पडत राहतो.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. १९२० च्या असहकारात सरकारी किताब परत करणं हा कार्यक्रमाचाच भाग होता. त्याआधी, १९१९ च्या मे अखेरीस, जालियनवाला बागेनंतर रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१५ चं नाइटहुड सोडलं. म्हणून किताब मिळाल्याची तारीख सापडली की तिथे थांबू नका, तो पुढे सोडला होता का हेही शोधा. आजोबांनी जे धैर्याने परत केलं ते नातवाने कोनशिलेवर पुन्हा कोरणं बरं नाही.

खातरजमा कुठे करायची

'सर' आणि सर्व ऑर्डर लंडन गॅझेटमध्ये छापल्या जात. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट शोधता येतात. शोधताना नाशिक हे इंग्रजीत 'एच' न घालता 'Nasik' असं लिहिलं जाई, हे लक्षात ठेवून तेच स्पेलिंग टाका. नावांची स्पेलिंगं तर तीन-चार प्रकारची मिळतात, तेव्हा आडनावाने सुरुवात करा आणि वर्षाची मर्यादा घाला. मशीनने वाचलेल्या जुन्या छपाईत अक्षरं चुकतात. नावाने सापडलं नाही तर तारखेने जा. बहुतेक किताब १ जानेवारीच्या यादीत किंवा राजाच्या वाढदिवसाच्या यादीत असत. व्हिक्टोरियाचा वाढदिवस २४ मे, सातव्या एडवर्डचा ९ नोव्हेंबर, पाचव्या जॉर्जचा ३ जून. त्याखेरीज व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीचे १८८७ आणि १८९७ चे महोत्सव आणि १२ डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार. या तारखांच्या पुढेमागे आठवडाभराचे अंक चाळा, कारण १ जानेवारीची यादी ३१ डिसेंबरच्या पुरवणीतही सापडते.

इंडिया ऑफिस लिस्ट नावाचं वार्षिक पुस्तक आणि थॅकरची डिरेक्टरी यांत अक्षरांसह नावं मिळतात. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आहे. जुन्या इंग्रजी संदर्भग्रंथांबद्दल तिथल्या ग्रंथपालांना आधी विचारा. मराठी कॅटलॉगमध्ये शोधताना 'सी.आय.ई.' आणि 'सीआयई' दोन्ही टाकून पाहा.

आजचा किताब: मुलगा ब्रिटनमध्ये असेल तर

आजही वर्षातून दोनदा यादी निघते, नववर्षाला आणि जूनमध्ये राजाच्या अधिकृत वाढदिवसाला. नाशिकहून गेलेल्या डॉक्टरला, शिक्षिकेला, समाजसेवकाला एमबीई मिळाल्याची बातमी आली, तर पहिला प्रश्न नागरिकत्वाचा. ती व्यक्ती ब्रिटिश नागरिक झाली असेल तर किताब पूर्ण. भारतीय पासपोर्ट असेल तर मानद. भारत राष्ट्रकुलात आहे, पण ब्रिटनचा राजा आपला राष्ट्रप्रमुख नाही, म्हणून आपण इथे परदेशी धरले जातो. मानद किताब ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या शिफारशीने मिळतात आणि त्यांची यादी वेगळी येते. पंडित रविशंकर यांना २००१ मध्ये मानद केबीई मिळालं, ते 'सर' झाले नाहीत. व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांचंही १९६५ चं केबीई मानद होतं, पण १९८५ मध्ये ते ब्रिटिश नागरिक झाले आणि तेव्हापासून 'सर यहुदी'.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कोणाचं नाव सुचवायचं असेल तर ते कोणीही सुचवू शकतं, घरच्या माणसांनीसुद्धा, आणि त्याला काहीही पैसे लागत नाहीत. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज आहे. त्यात व्यक्तीची माहिती, कामाचा तपशील आणि त्या कामाशी परिचय असलेल्या किमान दोघांची शिफारसपत्रं लागतात. अर्ज पडतो तो बायोडाटा लिहिल्याने: पदं, पदव्या, सत्कार यांची जंत्री. समितीला हवं असतं ते हे, की या माणसाच्या येण्याआधी परिस्थिती काय होती, नंतर काय बदललं, आणि त्याने पगाराच्या कामापलीकडे काय केलं. दोन्ही पत्रांत तीच वाक्यं असली की पत्रांची किंमत जाते, तेव्हा एकाने एक बाजू आणि दुसऱ्याने दुसरी लिहावी. ज्याचं नाव सुचवलं त्याला सांगायचं नाही. वर्ष-दीड वर्ष लागतं. व्यक्ती हयात आणि शक्यतो त्या कामात सक्रिय असावी लागते, मरणोत्तर नागरी किताब दिले जात नाहीत. यादीच्या काही आठवडे आधी त्या व्यक्तीला स्वीकाराल का असं विचारणारं पत्र येतं. या काळात इकडे नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी फोडू नका, गुप्तता पाळायची असते.

नाइटहुडचा समारंभ आपल्याकडे सिनेमातून ठाऊक असतो, त्यात एक गोष्ट चुकीची दाखवतात. उमेदवार उजवा गुडघा खास चौरंगावर टेकतो, राजा तलवारीचं पातं आधी उजव्या आणि मग डाव्या खांद्याला लावतो, उमेदवार उठतो. 'उठा, सर अमुक' असं कोणी म्हणत नाही. स्त्रियांना आणि धर्मगुरूंना तलवार लावत नाहीत. मानद किताब मिळालेल्यांनाही नाही.

भारतीय नागरिकाने काय करावं

राज्यघटनेच्या कलम १८ नुसार भारतीय नागरिकाला परदेशी राज्याकडून 'टायटल' स्वीकारता येत नाही, आणि आपलं सरकारही लष्करी किंवा शैक्षणिक सोडून टायटल देत नाही. बालाजी राघवन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे टायटल नाहीत असं सांगितलं, पण ते नावाआधी किंवा नंतर लावायचे नाहीत हेही बजावलं. म्हणजे पत्रिकेवर 'पद्मश्री अमुक' लिहिणंसुद्धा बरोबर नाही. परिचयाच्या ओळीत 'पद्मश्रीने सन्मानित' लिहावं.

१९५० नंतर भारतात राहणाऱ्या, भारतीय नागरिक असलेल्या कोणाला नव्याने 'सर' मिळालं असं वाचलं तर ते मान्य करण्याआधी थांबा. नाइटहुडच्या नावाने पैसे घेऊन प्रमाणपत्रं, झगे आणि तलवारी देणाऱ्या संस्था जगभर आहेत. त्यांचा ब्रिटिश राजाशी काही संबंध नसतो. किताब विकणं ब्रिटनमध्ये १९२५ पासून गुन्हा आहे. ज्याने फी मागितली तिथे किताब नाही, एवढी परीक्षा पुरेशी आहे. क्रिकेटचं मात्र सांभाळून: व्हिव्ह रिचर्ड्स यांचा 'सर' खराच, पण तो अँटिग्वाने स्वतःच्या देशाचा सन्मान म्हणून दिलेला. लंडनच्या यादीत तो शोधू नका.

सत्काराच्या पत्रिकेसाठी रचना अशी. ब्रिटिश नागरिक असलेल्या नाइटला 'सर' + पहिलं नाव + आडनाव. डॉक्टर असेल आणि एमबीई असेल तर 'डॉ. अमुक तमुक, एमबीई'. भारतीय नागरिकाला मानद एमबीई असेल तर नावाला काहीही न जोडता खालच्या ओळीत 'ब्रिटनच्या मानद एमबीई सन्मानाने गौरवित'. 'मा.', 'श्री.' आणि 'सर' एकत्र लावू नका; 'सर' असला की 'श्री.' गळतो. छापायला देण्याआधी प्रूफ त्या व्यक्तीला किंवा तिच्या घरच्यांना दाखवा, कारण काहीजण मिळालेला 'सर' वापरत नाहीत आणि त्यांच्या इच्छेला आपल्या उत्साहापेक्षा जास्त मान आहे.

कोनशिलेवर जुनी चूक असेल तर ती खोडू किंवा पुन्हा कोरू नका. मूळ दगड तसाच ठेवून शेजारी छोटी पाटी लावा: बरोबर नाव, किताब, वर्ष, आणि ही माहिती कोणत्या गॅझेटवरून घेतली त्याची तारीख.